मोरेलिया: गुलाबी दगडाच्या शहरात पायी आणि शाकाहारी

मेक्सिको सिटीच्या पश्चिमेला बसने साधारण चार-साडेचार तासांवर असलेले मोरेलिया हे मिचोआकान राज्याच्या राजधानीचे शहर भारतीय पर्यटकांच्या यादीत सहसा नसते. समुद्रकिनारा, पिरॅमिड आणि रात्रभर चालणारी गजबज यांपैकी येथे काहीच नाही. जे आहे ते सोळाव्या शतकात आखलेल्या रस्त्यांचे, दोनशेहून अधिक ऐतिहासिक वास्तूंचे आणि जवळजवळ सबंध गुलाबी दगडात बांधलेले असे जुने शहर आहे, आणि त्याला १९९१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. २०१० मध्ये मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेचीही युनेस्कोच्या यादीत नोंद झाली, तेव्हा त्या परंपरेचा नमुना म्हणून मिचोआकानचेच नाव पुढे ठेवण्यात आले होते. मी आणि माझी मोठी बहीण अशा दोघी येथे आलो त्या या दुसऱ्या कारणासाठी. आम्ही दोघी शाकाहारी आहोत, ताई तर अंडेही खात नाही, आणि मांसासाठी प्रसिद्ध असलेल्या देशाच्या पाककलेचा हा नमुना आमच्या ताटात कितपत उतरतो हे पाहण्याची उत्सुकता होती.

मिचोआकानचे नाव बातम्यांत येते ते बहुधा संघटित गुन्हेगारीमुळे, आणि ते लपविण्यात अर्थ नाही. राज्याच्या ग्रामीण भागात मनाला येईल तिकडे भटकणे शहाणपणाचे नाही. मोरेलियाचे जुने शहर मात्र संध्याकाळी मुलाबाळांसह फिरणाऱ्या कुटुंबांनी भरलेले असते. रात्री उशिरा निर्जन रस्ते टाळणे ही कोणत्याही शहरात घ्यावी तेवढी काळजी आम्ही घेतली. ज्यांच्याकडे अमेरिकेचा वैध व्हिसा आहे अशा भारतीयांना मेक्सिकोसाठी वेगळा व्हिसा लागत नाही, त्यामुळे अमेरिकेतील मराठी कुटुंबांना हा प्रवास अवघड नाही.

गुरुवार

बसस्थानक शहराबाहेर असल्यामुळे तेथून टॅक्सी केली. जुन्या मोरेलियात फिरायला त्यानंतर वाहनाची गरज पडली नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० मीटर उंचीवर आहे. मार्चमधील दुपार उन्हाची असली तरी हवा कोरडी होती आणि सावलीत गारवा होता. चौकांतील जकारांडाची झाडे जांभळ्या फुलांनी भरून गेली होती.

जुन्या शहराचा कणा म्हणजे पूर्व-पश्चिम जाणारा मादेरो मार्ग, आणि त्याच्या मध्यावर कॅथीड्रल. १६६० मध्ये सुरू झालेले हे बांधकाम १७४४ मध्ये पूर्ण झाले, आणि दोन्ही मनोरे साठ मीटरांहून उंच आहेत. मेक्सिकोतील बरोक चर्चचे दर्शनी भाग पिळाच्या खांबांनी आणि फुलापानांच्या नक्षीने गच्च भरलेले असतात. येथे शिल्पकारांनी खांबांऐवजी भिंतीला लागून उथळ, सपाट पट्ट्या कोरल्या, त्यामुळे एवढी मोठी वास्तू असूनही ती डोळ्यांवर येत नाही. कॅथीड्रलच्या दोन्ही बाजूंना चौक आहेत, त्यामुळे ते चहूबाजूंनी मोकळे दिसते. ऊन कलू लागले की दगडाचा रंग फिकट गुलाबीवरून विटकरीकडे झुकतो, आणि तो पाहण्यासाठी समोरच्या कमानींखाली कॉफी घेऊन बसणे हा येथील लोकांचा रोजचा कार्यक्रम आहे. कॉफी याच राज्यातील उरुआपानची मिळते. आत १९०५ मध्ये जर्मनीहून आणलेला साडेचार हजारांहून अधिक नळ्यांचा ऑर्गन आहे. आम्ही गेलो तेव्हा तो मूक होता.

ताईचा गुरुवारचा उपवास असल्यामुळे माझी जेवणाची पाहणी पहिल्याच दिवशी खोळंबेल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात उलटेच घडले. चौकातल्या एका फेरीवालीच्या टोपलीत ‘आलेग्रिया’ नावाच्या वड्या होत्या, म्हणजे फुललेला राजगिरा पाकात किंवा मधात घट्ट बसवून वर शेंगदाणे आणि भोपळ्याच्या बिया लावलेली अस्सल राजगिऱ्याची चिक्की. दुसऱ्या गाडीवर उकडलेली रताळी होती आणि तिसऱ्या गाडीवर खारे शेंगदाणे. “अगं, हा तर सगळा आपलाच फराळ,” असे ताई म्हणाली. खरे पाहता तो सगळा त्यांचाच आहे. राजगिरा, रताळे, बटाटा, शेंगदाणा आणि साबुदाणा ज्यापासून होतो तो कसावा ही सारी पिके अमेरिका खंडांतून जगभर गेली. ज्या पदार्थांना आपण उपवासाइतके सोवळे मानतो ते आपल्याकडे येऊन फार तर चार-पाच शतके झाली आहेत, आणि त्यांतला राजगिरा तर मेक्सिकोत पूर्वी देवपूजेत वापरला जात असे. ताईने दोन वड्या खाल्ल्या, दोन पिशवीत ठेवल्या, आणि दगडाच्या बाकावर बसून शेंगदाणे सोलता सोलता कमानींचे निरीक्षण केले.

शुक्रवार

सकाळी मादेरो मार्गाने पूर्वेकडे चालत गेलो. तारास्कास कारंजे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कारंज्यात तीन स्थानिक स्त्रिया फळांची भलीमोठी टोपली उचलून धरताना दाखवल्या आहेत, आणि तेथूनच शहराची सर्वांत देखणी चालण्याची वाट सुरू होते. एका बाजूला २५३ कमानींचा जलसेतू आणि दुसऱ्या बाजूला झाडांच्या सावलीतला फक्त पादचाऱ्यांसाठीचा दगडी मार्ग, ज्याच्या दोन्ही कडांना सलग दगडी बाके आहेत. मार्गाला ज्यांचे नाव आहे ते बिशप फ्राय आंतोनिओ दे सान मिगेल यांनीच जलसेतू नव्याने बांधवून घेतला. १७८५ मध्ये पीक बुडून मोठा दुष्काळ पडला, तेव्हा उपाशी लोकांना काम आणि मजुरी मिळावी म्हणून त्यांनी चर्चच्या पैशातून हे बांधकाम काढले. १९७२ च्या दुष्काळातील खडी फोडण्याच्या कामांच्या आठवणी ज्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत, त्यांना त्या कमानींखालून चालताना त्यांच्या सौंदर्यापलीकडेही काही दिसेल. जलसेतूतून आता पाणी वाहत नाही; शहराची वाहने त्याच्या कमानींखालून ये-जा करतात.

मार्गाच्या टोकाला ग्वादालुपेच्या मेरीमातेचे मंदिर आहे. बाहेरून साधे, आणि आत पाऊल टाकताच छतापासून जमिनीपर्यंत लाल, गुलाबी आणि सोनेरी फुलापानांचे उठावदार काम. अठराव्या शतकातील या वास्तूचे आतील रूप विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे आहे, आणि काही जाणकारांना ते भडक वाटते. मला मात्र ते आवडले, कारण संयमी कॅथीड्रलनंतर हा सोहळा पाहताना शहराचा दुसरा स्वभाव कळतो. १२ डिसेंबरला भाविक या दगडी मार्गावरून गुडघ्यांवर चालत येथपर्यंत येतात.

ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा व्रतकाळ चालू होता, आणि त्यातील शुक्रवारी कॅथॉलिक मंडळी मांस खात नाहीत. हा काळ निवडण्यामागे माझा हिशोब होता, पण त्यात एक अट आहे: मासे आणि कोळंबी मांसात धरली जात नाहीत. त्यामुळे ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाविना, एवढेच सांगितले तर समोर आनंदाने तळलेला मासा येऊ शकतो. शिवाय शाकाहारी माणसाची खरी अडचण दिसणाऱ्या मांसाची नसतेच. न दिसणाऱ्या दोन गोष्टींची असते. पहिली ‘मान्तेका’, म्हणजे डुकराची चरबी, जी शिजवलेल्या राजम्यासारख्या घेवड्याला फोडणी म्हणून, आणि तामाल या वाफवलेल्या मक्याच्या पदार्थाच्या पिठात मोहन म्हणून पडते. दुसरी ‘काल्दो दे पोयो’, म्हणजे कोंबडीचा रस्सा, जो भातात आणि सुपात पाण्याऐवजी वापरला जातो. त्यामुळे मांस नको, मासा नको, चरबी नको, कोंबडीचा रस्सा नको, अशी चार नकारांची ओळ पाठ करून ती सावकाश, हसतमुखाने म्हणणे आवश्यक आहे. ताईसाठी पाचवा नकार अंड्याचा, कारण चीज भरलेल्या मोठ्या मिरच्या तळण्याआधी फेटलेल्या अंड्यात बुडवतात. जे कडक शाकाहारी आहेत त्यांनी हेही लक्षात घ्यावे की पारंपरिक चीज लावण्यासाठी वापरले जाणारे रेनेट प्राणिज असते. ताईने या प्रश्नावर पूर्वीच स्वतःशी तडजोड केलेली आहे.

बाजारातल्या एका खानावळीत ही ओळ ऐकून मालकीणबाईंनी आम्हाला थेट पातेल्यांपाशी नेले आणि एकेक झाकण उघडून कशात काय आहे ते सांगितले. आम्हाला मिळाले ते असे: मसुरीचे पातळ सूप, निवडुंगाच्या कोवळ्या पानांची टोमॅटो आणि हिरवी मिरची घातलेली भाजी, तव्यावरून उतरणाऱ्या गरम मक्याच्या भाकऱ्या, आणि सोबत लाल अंबाडीच्या बोंडांचे थंडगार सरबत, जे येथे रोजच्या जेवणात पाण्याइतके सहज असते. निवडुंगाची भाजी भेंडीसारखी थोडी बुळबुळीत आणि आंबूस लागते. शेवटी ‘कापिरोतादा’ नावाचा याच व्रतकाळातला गोड पदार्थ: शिळ्या पावाचे भाजलेले तुकडे, दालचिनी घातलेला गुळाचा पाक, मनुका, शेंगदाणे आणि वर चक्क किसलेले चीज. खारट आणि गोड यांचा हा संयोग पहिल्या घासाला खटकला, आणि चौथ्या घासापर्यंत आम्ही दोघींनी वाटी संपवली होती.

भाकरीचे पीठ कसे होते तेही तेथे पाहायला मिळाले. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून, सालपट काढून दळतात. त्यामुळे पीठ चिकट होऊन भाकरी थापता येते, आणि मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळते. युरोपीय लोकांनी मका नेला पण चुन्याची ही रीत नेली नाही, आणि केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना तेथे पेलाग्राच्या रोगाने ग्रासले. दुपारभर माझ्या डोक्यात हेच होते. आमच्या चार नकारांपैकी डुकराची चरबी आणि कोंबडी या दोन्ही गोष्टी स्पॅनिश लोकांनी आणलेल्या; मका, घेवडा, भोपळा, मिरची, टोमॅटो, निवडुंग हा मूळचा पाया. येथील मूळ रहिवासी असलेले पुरेपेचा लोक पूर्वी शाकाहारी होते असे मुळीच नाही, ते तळ्यातले मासे आणि रानातली शिकार खात; परंतु त्यांच्या रोजच्या पिठात चरबी नव्हती. शाकाहारी पदार्थ शोधू लागले की माणूस आपोआप जुन्या स्वयंपाकघराच्या दिशेने सरकतो. अर्थात साय आणि चीज हीदेखील स्पॅनिश गायींचीच देणगी आहे, तेव्हा तक्रार जपूनच केलेली बरी.

शनिवार

हा दिवस इतिहासाचा. १५४१ मध्ये वसलेल्या आणि पुढे वायादोलिद नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शहराला १८२८ मध्ये होसे मारिया मोरेलोस यांच्या सन्मानार्थ आजचे नाव मिळाले. मोरेलोस यांचा जन्म येथेच ३० सप्टेंबर १७६५ रोजी झाला. आई रस्त्याने जात असताना कळा सुरू झाल्या आणि तिला जवळच्या घरात नेण्यात आले अशी आख्यायिका आहे, आणि त्या घराचे आता संग्रहालय आहे. धर्मगुरू असलेले मोरेलोस स्पेनविरुद्धच्या युद्धात सेनानी झाले आणि १८१५ च्या डिसेंबरात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. येथून काही मिनिटांवरील सान निकोलास महाविद्यालयात ते शिकले, आणि त्याच संस्थेत स्वातंत्र्ययुद्धाचा पहिला पुकारा करणारे मिगेल इदाल्गो रेक्टर होते. महाविद्यालय अजून चालू आहे. चौकात विद्यार्थी गप्पा मारत बसलेले असतात आणि वरच्या मजल्यावर मॅरियन ग्रीनवुड या अमेरिकन चित्रकर्तीने १९३३ च्या सुमारास पुरेपेचा लोकांच्या श्रमजीवनावर काढलेले भित्तिचित्र आहे. गंमत अशी की स्वातंत्र्यानंतर स्वतःला मेक्सिकोचा सम्राट म्हणवून घेणारे आगुस्तिन दे इतुर्बिदे हेही याच गावचे, पण शहराला नाव मिळाले ते मोरेलोस यांचे.

प्रादेशिक संग्रहालयात दोन चित्रांसमोर आम्ही बराच वेळ थांबलो. पहिले चित्र १७३८ मध्ये डॉमिनिकन पंथाच्या जोगिणी जुना मठ सोडून नव्या मठात मिरवणुकीने गेल्या त्या प्रसंगाचे आहे, आणि त्यात सरदार, पाद्री, नर्तक, बघे असे सबंध शहर रस्त्यावर उतरलेले दिसते. दुसरे फिलिप गस्टन आणि रूबेन कॅडिश या दोन तरुण अमेरिकनांनी १९३४–३५ मध्ये काढलेले प्रचंड भित्तिचित्र, ज्यात धर्मपीठाच्या छळापासून फॅसिझमपर्यंतचा अत्याचार एकाच भिंतीवर एकवटला आहे. ते पाहून लोक अस्वस्थ झाले आणि चित्र काही दशके खोट्या भिंतीआड झाकले गेले. एकाच वास्तूत मिरवणूक आणि छळ असे दोन्ही पाहायला मिळणे हे मोठ्या शहरांच्या मोठ्या संग्रहालयांतही सहसा घडत नाही.

त्या जोगिणींनी सोडलेल्या जुन्या मठात १७४३ मध्ये मुलींसाठी शाळा सुरू झाली आणि तेथे संगीत शिकवले जाऊ लागले. आजचे ‘कोन्सेर्वातोरिओ दे लास रोसास’ ते हेच, आणि अमेरिका खंडांतील सर्वांत जुन्या संगीतशाळांत त्याची गणना होते. समोरच्या बागेत बसले की खिडक्यांतून सरावाचे सूर ऐकू येतात. कोणी एकच तान पुन्हा पुन्हा घोटत असते. बागेजवळच आम्ही ‘गास्पाचो’ घेतले. स्पेनमध्ये या नावाचे सूप असते, मोरेलियात मात्र ते आंबा, अननस आणि हिकामा नावाचे रसाळ पांढरे कंद यांचे अगदी बारीक तुकडे, संत्र्याचा आणि लिंबाचा रस, मिरचीपूड आणि वर भुरभुरलेले खारट चीज असे पेल्यात मिळते. विक्रेत्याची सुरी ज्या वेगाने चालते तो पाहण्यासारखा असतो. चीज चालत असेल तर या पदार्थासाठी शाकाहाऱ्याला एकही प्रश्न विचारावा लागत नाही.

संध्याकाळी सान आगुस्तिन चर्चसमोरच्या कमानींखालील गाड्यांवर गेलो. मक्याची भाकरी लाल मिरचीच्या वाटणात बुडवून, तव्यावर परतून, त्यावर बटाटा, गाजर आणि चीज घालून देतात ती ‘एंचिलादास प्लासेरास’. तिच्यासोबत तळलेली कोंबडी हा अविभाज्य भाग मानला जातो, आणि आम्ही ती नको म्हणताच गाडीवाल्या काकांनी आम्हाला पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली. कोंबडी नसेल तर अन्याय होऊ नये म्हणून त्यांनी बटाट्याचा ढीग दुप्पट केला. तळण्याचा तवा मात्र एकच असतो. ज्यांना ते चालत नाही त्यांनी हा पदार्थ सोडावा.

रात्री कॅथीड्रलवर दिवे उजळण्याचा आणि आतषबाजीचा शनिवारचा कार्यक्रम झाला. आतषबाजी फार वेळ चालत नाही. ती पाहायला जमलेली गर्दी अधिक पाहण्यासारखी होती. आजोबा नातवंडांना खांद्यावर घेऊन उभे होते आणि फुगेवाले गर्दीतून वाट काढत होते. शेजारच्याच मेल्चोर ओकाम्पो चौकात १५ सप्टेंबर २००८ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या सोहळ्यात, गर्दीवर हातबॉम्ब टाकण्यात आले होते आणि आठ जणांचा जीव गेला होता. त्याच चौकात लोक असे निर्धास्त उभे राहिलेले पाहणे मला आतषबाजीहून महत्त्वाचे वाटले.

रविवार

बसने तासाभरात पात्स्कुआरोला गेलो. मोरेलियाच्या आधी बिशपचे पीठ येथे होते; १५८० मध्ये ते हलवले गेले आणि त्यानंतर हे गाव मागे पडले. त्यामुळेच ते टिकले असे म्हणायला हरकत नाही. येथे गुलाबी दगड नाही. मातीच्या भिंती, खालचा पट्टा तांबडा आणि वरचा पांढरा, उतरती कौले, आणि दुकानांच्या पाट्या सगळ्या एकाच धाटणीच्या लाल-काळ्या अक्षरांत. मुख्य चौकाला पहिले बिशप वास्को दे किरोगा यांचे नाव आहे आणि चौकात त्यांचा पुतळाही आहे, पण चौकाला लागून एकही चर्च नाही, ही मेक्सिकोत विरळा गोष्ट.

बासिलिका, म्हणजे येथले मोठे चर्च, थोड्या चढावर आहे. तेथील आरोग्यदेवीची, म्हणजे आरोग्य देणाऱ्या मेरीमातेची, सोळाव्या शतकातील मूर्ती मक्याच्या धाटांचा गाभा वाटून, त्यात ऑर्किडच्या कंदांचा चिकट रस मिसळून केलेल्या लगद्याची आहे. पुरेपेचा लोक आपल्या देवांच्या मूर्ती याच पद्धतीने करीत, कारण त्या वजनाला हलक्या असत. नवा धर्म आला तेव्हा कारागीर तेच राहिले आणि सामग्रीही तीच राहिली. ज्या पिकाची भाकरी आम्ही रोज खात होतो त्याच पिकाची देवी पाहून ताईने नकळत हात जोडले.

खालच्या लहान चौकात हेर्त्रूदिस बोकानेग्रा यांच्या नावाचे ग्रंथालय आहे. स्वातंत्र्ययुद्धातील या वीर स्त्रीला १८१७ मध्ये याच गावात गोळ्या घालण्यात आल्या. जुन्या चर्चच्या प्रशस्त दालनात पुस्तकांच्या कपाटांच्या टोकाला, जेथे वेदी असायला हवी तेथे, हुआन ओ’गोर्मान यांचे १९४२ मध्ये पूर्ण झालेले मिचोआकानच्या इतिहासाचे भित्तिचित्र आहे. बसून, वरपासून खालपर्यंत, पोथी वाचावी तसे ते वाचावे लागते.

ग्रंथालयाच्या बाजूलाच बाजार भरतो, आणि सबंध प्रवासातले सर्वांत चांगले जेवण तेथे मिळाले. मक्याच्या रोपाच्या लांब हिरव्या पानात पीठ गुंडाळून बहुकोनी आकारात वाफवलेले ‘कोरुंदा’ ही मिचोआकानची खूण. त्यातली राखेच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याची जात जुनी आहे, पण पिठात बहुधा चरबी असते. आम्ही तीन टोपल्यांपाशी विचारले आणि तिसऱ्या टोपलीवरच्या आजींकडे लोणी घालून केलेल्या कोरुंदा होत्या. वर साय, हिरवी चटणी, चीज. त्यानंतर ‘उचेपो’, कोवळ्या मक्याच्या दाण्यांचे, कणसाच्याच सालीत वाफवलेले, किंचित गोड. आणि शेवटी ‘आतोले दे ग्रानो’: कोवळ्या मक्याचे दाणे घातलेली, बडीशेपेच्या वासाच्या एका रानपाल्याने हिरवी झालेली, तिखटमिठाची दाट पेज, लिंबू पिळून आणि मिरची घालून. आजींनी आमच्या चार नकारांचे कारण विचारले. मी धर्म, सवय, आवड असे काहीबाही सांगू लागले, तेव्हा त्या म्हणाल्या की त्यांच्या लहानपणी घरी मांस फक्त सणालाच असे, त्यामुळे यात समजावून सांगण्यासारखे काही नाही.

परतीआधी कमानींखाली ‘न्येवे दे पास्ता’ खाल्ले. दूध बदाम आणि दालचिनीसह आटवून, बर्फ आणि मीठ भरलेल्या लाकडी पिंपातील धातूच्या भांड्यात हाताने फिरवून गोठवलेले हे आइस्क्रीम दाणेदार असते आणि फार गोड नसते.

सोमवार

मेक्सिकोत सोमवारी बहुतेक संग्रहालये बंद असतात, तेव्हा निघायला हाच दिवस योग्य. सकाळी क्लाविहेरो प्रासादाच्या, म्हणजे जेझुइटांच्या जुन्या महाविद्यालयाच्या, मागच्या कमानींतील मिठाईबाजारात गेलो. येथली ओळख म्हणजे ‘आते’, पेरू किंवा क्विन्स या फळाचा गर साखरेत आटवून थापलेली घट्ट वडी. तिचा उगम मठांच्या स्वयंपाकघरांत सांगितला जातो. ती खारट चीजच्या कापाबरोबर खातात आणि ती कित्येक आठवडे टिकते, त्यामुळे पेरूची घेतली. याच राज्यातील सामोरा गावचे ‘चोंगोस’, म्हणजे विरजलेल्या दुधाचे साखर-दालचिनीच्या पाकात तासन्‌तास शिजवलेले गोळे, चवीला उत्तम असले तरी डब्यातून पाक सांडतो म्हणून तेथेच खाल्ले. नारळाच्या वड्या आपल्याकडच्याच आहेत, त्या सोडल्या तरी चालतील.

आम्ही मार्च निवडला तो व्रतकाळासाठी. ज्यांना व्रतकाळापेक्षा ताज्या उचेपोचे आकर्षण अधिक असेल त्यांनी जुलै ते सप्टेंबर पाहावा, कारण कोवळी कणसे आणि भोपळ्याची फुले पावसाळ्यात येतात, आणि पाऊस बहुधा दुपारनंतर पडत असल्यामुळे सकाळचे चालणे चुकत नाही.